पथकात वाढलेली मुलं

ढोल-ताशा पथकांवरचं बहुतेक लिखाण मिरवणुकीपाशीच थांबतं. फेटे, नऊवारी, भगवे ध्वज, गर्दी आणि दुसऱ्या दिवशी आवाजाच्या तक्रारी. मला ओढ आहे ती मिरवणूक संपल्यावर उरतं त्याची. पथक सोडून दहा-पंधरा वर्षं झालेली, नोकरीत-संसारात पडलेली माणसं ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत ठिकठिकाणी भेटतात. त्यांच्याशी बोलायला लागलं की तासभर कुठे जातो कळत नाही.

इतिहास थोडक्यात सांगून टाकते. पथकाचा आजचा शिस्तीचा साचा पुण्याचा. १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीच्या मुलांनी आणि पुढे रमणबागेसारख्या शाळांनी तो गणेशोत्सवात रुजवला. आपल्याकडे त्याला जोर आला तो नववर्ष स्वागतयात्रांमुळे. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९च्या गुढीपाडव्याला पहिली यात्रा काढली, मग ठाणं, कल्याण, गिरगाव अशी ती पसरत गेली. त्याआधी या पट्ट्यात गाणं-वाजवणं होतंच. आगरी-कोळ्यांच्या हळदीला बेंजो आणि ब्रास बँड, लग्नघरात लग्नगीतं गाणारी धवलारीण. पण बँडवाले बिदागी घेऊन वाजवणारे. शाळा-कॉलेजातली मुलंमुली हौसेने वाद्य गळ्यात अडकवू लागली ती पथकांमुळे.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळते, ताशाकडे. लोकांचं लक्ष ढोलाकडे जातं, कारण तो छातीत घुमतो. पण पथक चालवतो ताशा. उथळ धातूचं भांडं, त्यावर ताणलेलं पान, दोन बारीक काड्या, बस्स एवढंच. पूर्वी पान बकऱ्याच्या कातड्याचं असे आणि भाद्रपदाच्या दमट हवेत ते सैल पडे. मग रस्त्याच्या कडेला कागद पेटवून ताशे शेकावे लागत. आता फायबरचं पान आलं, शेकणं गेलं. आवाज जास्त टोकदार झाला, आणि माझ्या मते थोडा कोरडाही. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांची सलग थरथर, सुटली की ढोलवाल्यांना कळतं, हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलणार. एका हातावरून दुसऱ्या हातावर जाताना ताशा अर्ध्या मात्रेने जरी घसरला तरी मागचे सगळे ढोल घसरतात. म्हणून ताशाच्या रांगेत नवखं पोर सहसा उभं करत नाहीत.

इथे एक गणित आहे आणि त्याने मला कायम चक्रावून सोडलं आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथक रस्त्यावर ५० मीटर लांब पसरलं, तर पुढच्या ताशाचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधलं अंतर अर्धा सेकंद, म्हणजे मागची रांग नुसत्या कानावर विसंबली तर जवळजवळ पाव ते तीन दशांश ठोका मागे पडणार. अनुभवी ढोलवादक म्हणूनच कानाइतकाच डोळ्यांनी वाजवतो. पुढच्याचं टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, वर गेलेलं दिसलं की याचं वर जातं. कुणी हे सूत्र मांडून शिकवत नाही. दोन पावसाळे सराव केला की अंगात भिनतं.

सराव हाच पथकाचा खरा गाभा. गणपतीच्या दीड-दोन महिने आधीपासून संध्याकाळी एखाद्या मैदानात, पुलाखाली, मिळेल त्या पटांगणात मुलं जमतात. ठाण्यात अशा एका सरावाला मी बराच वेळ बसले होते. एक मुलगी कोपऱ्यात बसून उजव्या हाताच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळत होती. तर्जनीला तीन वेढे, मधल्या बोटाला दोन, अंगठ्याच्या बेचक्यात आडवी पट्टी. कालचा फोड फुटला होता. पट्टी दातांनी तोडून तिने ढोल कमरेला बांधला, दोरी ओढून पाहिली, पान टिपरूने वाजवून पाहिलं, पुन्हा दोरी ओढली. शेजारच्या मुलाने न सांगता गाठ धरली. मग दोघं रांगेत गेली. पुढचा पाऊण तास त्यांना एकच हात वाजवायला लावला होता आणि कुणी कुरकुर केली नाही.

अशा मुलांचं पुढे काय होतं? कल्याणची एक भूलतज्ज्ञ मला म्हणाली, "ताशाच्या रांगेत हात चालू ठेवून कान दुसरीकडे ठेवायची सवय लागली, ऑपरेशन थिएटरात तीच कामाला येते." डोंबिवलीतला एक जुना ढोलवादक सांगत होता की पथकाआधी तो चारचौघांत तोंड उघडत नसे. काहींनी पुढे तबला धरला. काही परदेशी गेले आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळात भारतातून ढोल मागवून पथक उभं करून बसले. बरेच जण वाद्याला पुन्हा शिवलेही नाहीत, पण रक्त हवंय, रुग्णालयात रात्री थांबायला माणूस हवाय, अशा वेळी त्यांचा पहिला मेसेज पथकाच्या जुन्या ग्रुपवरच पडतो.

विल्यम मॅकनील नावाच्या अमेरिकी इतिहासकाराला १९४१ साली सैन्यात भरती झाल्यावर कवायतीत एका तालात बांधलं जाण्याचा असाच अनुभव आला. तासन्‌तास एका तालात पावलं टाकताना वाटणारं ते विलक्षण समाधान तो विसरला नाही आणि १९९५ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. २००९ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी प्रयोगात पाहिलं की एका तालात चाललेले विद्यार्थी नंतरच्या खेळांत एकमेकांना जास्त सांभाळून घेतात. आणि मुलांचा वाद्यवृंद म्हणाल, तर लंडनमध्ये १९६५ साली सुरू झालेल्या नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्रातून वादकांच्या पिढ्या घडल्या. गायिका एमी वाइनहाउसही तिथे गायली होती. त्या मुलांपुढे स्वरलिपीचे कागद असतात, आपल्या मुलांपुढे नसतात. सगळं पाठ, सगळं एकमेकांकडे बघून. माझा कल अर्थातच आपल्या मुलांकडे आहे.

पण पथकाचा एक ठसा कानावरही उमटतो आणि त्याबद्दल पथकांत फार कमी बोललं जातं. २०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात पथकाला ३० वादकांची मर्यादा घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली आणि सगळीकडे आनंद झाला. मलाही झाला. वादकाच्या कानाचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामाच्या जागी सोसण्याची शिफारस केलेली मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभर डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. पथकाच्या मधोमध शंभर सहज ओलांडले जातात आणि मिरवणूक चालते कित्येक तास. सगळ्यात जास्त मार बसतो तो ताशाच्या रांगेला, कारण तो टोकदार आवाज त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर असतो. बरीच मुलं कापसाचे बोळे घालतात. नुसत्या कापसाने भागत नाही.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सगळ्या पथकप्रमुखांना माझी विनंती आहे. पुढच्या वर्षी नावनोंदणी कराल तेव्हा कुर्त्याच्या मापाबरोबर प्रत्येकाच्या हातात फोमच्या इअरप्लगची जोडी द्या, ती नीट कशी घालायची ते सरावाच्या पहिल्या संध्याकाळीच दाखवा, आणि सुरुवात ताशाच्या रांगेपासून करा.