गोळी चुकते, कारण घरात असते

बारामती आणि इंदापूर हे उसाचे तालुके. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे साखर कारखाने, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि इंदापूरवरून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग यांमुळे येथे माणसांची ये-जा सतत चालू असते. अशा भागांत एचआयव्हीची चर्चा होते ती ट्रकचालक आणि स्थलांतरित मजुरांच्या संदर्भात. घरात मार खाणाऱ्या बाधित पत्नीचा विचार त्यात क्वचितच येतो.

वास्तविक अनेक स्त्रियांना आपली लागण कळते ती गरोदरपणातील तपासणीत. पतीची तपासणी नंतर होते, कधी होतच नाही. ज्याचे निदान आधी, त्यानेच आजार आणला, असा घरचा न्याय! विषाणू पतीकडून आलेला असला तरी दोष सुनेच्या माथी बसतो. मग शिवीगाळ, मारहाण, माहेरी पाठवणी.

एआरटी औषधे सरकारी केंद्रांतून २००४ पासून मोफत मिळतात आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. परंतु ती रोज घ्यावी लागते. लपवलेली बाटली सासूच्या नजरेस पडेल, या धास्तीनेच ती चुकते. गाडीभाड्याचे पैसे नवऱ्याच्या हाती असतील, तर केंद्रावरची तारीखही चुकते. खंड पडला की विषाणू वाढतात, प्रतिकारशक्ती घटते, क्षयरोग बळावू शकतो. जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या बाधित स्त्रियांमध्ये विषाणू आटोक्यात राहण्याचे प्रमाण कमी असल्याचे परदेशांतील अभ्यासांत आढळले आहे. उलट नियमित औषधांनी विषाणू तपासणीत सापडू नयेत इतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. स्वतः बाधित नसलेला पती पत्नीची गोळी अडवतो, तेव्हा तो आपलेच संरक्षण अडवत असतो.

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटींवर बाधिताच्या जोडीदाराला माहिती देऊ शकतात. मात्र त्यातून हिंसा होण्याची किंवा टाकून दिले जाण्याची रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर ती देऊ नये, असे कायदाच बजावतो. पण ही भीती कळणार कशी? गोळ्या का चुकल्या, हे बाईला एकटीला बसवून विचारले तरच.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळ त्यात मोडतो; घरात राहण्याचा हक्क आणि मोफत कायदेशीर मदतही त्यात आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. न्यायालयात आजार उघड होईल या भीतीने पाऊल अडत असेल, तर २०१७ च्या कायद्यान्वये नाव गुप्त ठेवून बंद दालनात सुनावणी घेण्याची विनंती करता येते.