हरवलेले दप्तर परत कसे उभारावे?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वेदगंगा-दूधगंगेचे पाणी निपाणी परिसरातील गावांत शिरले. अशा वेळी संस्थेच्या दप्तराचे काय, हा विचार प्रत्येक सभासदाने केला पाहिजे. कारण नोंद गेली की गरजू विद्यार्थ्याचे साहाय्यही अडते.

आज दप्तर संगणकात असले, तरी रीत कीर्द-खतावणीचीच आहे. खतावणी नष्ट झाली, तर मागील शिल्लक घेऊन पुढील कीर्द पुन्हा खतवितात. तद्वत संगणकातही जुन्या पूर्ण प्रतीवर पुढील व्यवहारांची रोजनोंद चढवितात. यंत्र बिघडले असेल, तर ती शेवटपर्यंत चढवावी. चुकून नावे पुसली गेली असतील, तर मात्र त्या चुकीच्या आधीच थांबावे व नंतरच्या खऱ्या नोंदी हाताने भराव्या. येथे जुळी चालणारी प्रत कामाची नाही. तीतूनही नावे तत्काळ जातात. बिघडलेली फाईल दुरुस्त करणे हा शेवटचा उपाय होय, तोही तिची नक्कल ठेवूनच.

रोजनोंदच नसेल, तर पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींचा आधार घ्यावा. सबब पूर्ण प्रत व रोजनोंद निपाणीबरोबर बेळगावातही ठेवावी आणि वर्षातून एकदा तीवरून दप्तर उभे करून पाहावे, ही सभासदांस विनंती.