दोन वर्षांखालील मूल आणि दूरचित्रवाणी

सायंकाळीं सातच्या सुमारास शहरांतील पुष्कळ घरांत एकच दृश्य दिसतें. दीड वर्षाचें मूल आजीच्या मांडीवर बसलेलें असतें; समोर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रंगीबेरंगी प्राणी नाचत असतात; मुलाचें तोंड आश्चर्यानें किंचित् उघडें राहतें, आणि ती संधि साधून आई त्यांत मऊ वरणभाताचा घास सारते. पहिला घास गिळला जातो न जातो तों दुसरा तयार असतो. वीस मिनिटांत वाटी रिकामी होते. रडारड नाहीं, पळापळ नाहीं. घरांतील सर्वच मंडळींना हायसें वाटतें.

यांत वाईट तें काय, असा प्रश्न पुष्कळ आईबाप विचारतात, आणि तो हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. मूल शांत असतें, पोटभर जेवतें, शिवाय रंगांचीं व प्राण्यांचीं चार नांवें त्याच्या कानांवर पडतात. ज्या घरीं दोघेहि नोकरी करून थकून परत येतात आणि आजीचे गुडघे तिला मुलामागें धांवूं देत नाहींत, त्या घरानें हा बिनपगारी मदतनीस कां नाकारावा? मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं दूरचित्रवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां हा प्रश्न फारसा उद्भवलाच नव्हता. कार्यक्रम संध्याकाळीं कांहीं तासच असत, आणि सबंध चाळींत एखाद्याच बिऱ्हाडीं संच असे. आज पडदा भिंतीवर आहे, आईच्या पिशवींत आहे, बाबागाडीलाहि अडकविलेला आढळतो. आणि त्यावरील चित्रें चोवीस तास संपत नाहींत.

उत्तर शोधण्यापूर्वीं मुलास पडद्यावर काय दिसतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मोठ्या माणसास वाटतें कीं, जें आपणांस दिसतें तेंच मुलासहि दिसतें. वास्तविक तसें नाहीं. १९९८ सालीं जॉर्जीन ट्रोसेथ व ज्युडी डीलोश या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनीं एक सोपा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलींत एक खेळणें लपविलें जात असतां तें त्याच क्षणीं मुलास पडद्यावर दाखविलें, आणि मग त्याला त्या खोलींत नेऊन खेळणें शोधावयास सांगितलें. अडीच वर्षांचीं मुलें बहुधा नेमक्या जागीं जात. दोन वर्षांचीं मुलें मात्र पुष्कळदां गोंधळत. त्याच वयाच्या मुलांनीं हा प्रकार खिडकींतून प्रत्यक्ष पाहिला म्हणजे त्यांना खेळणें चटकन् सांपडे. तेव्हां प्रयोग करणारांनीं एक युक्ति योजिली: पडदा खिडकीच्या चौकटीमागें असा बसविला कीं, आपण खिडकींतूनच पाहत आहों असें मुलांस वाटावें. चित्र तसेंच, पडदाहि तसाच. पण आतां दोन वर्षांच्या मुलांनाहि खेळणें सांपडूं लागलें. म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हता आणि स्मरणशक्तीचाहि नव्हता. पडद्यावर जें घडतें त्याचा आपल्या भोंवतालच्या जगाशीं कांहीं संबंध असूं शकतो, हेंच त्या वयाच्या मुलास नीटसें उमगलेलें नसतें. पडद्यावरची मांजर पाहून तें खुदकन् हंसेल. परंतु जिन्यांत बसलेली मनी ती त्याच जातीची, हें कळण्यास कोणी तरी त्याचें बोट धरून जिन्यांत जावें लागतें.

भाषेच्या बाबतींत ही गोष्ट अधिकच स्पष्टपणें दिसून येते. पहिल्या वर्षांत मूल बोलत नसलें तरी ऐकण्याचें फार मोठें काम करीत असतें. मराठींत 'चाक' आणि 'चार' या दोन शब्दांतील 'च' लिहिण्यांत एकच आहे. उच्चारांत दोन आहेत. हा भेद मुलास कोणी मुद्दाम शिकवीत नाहीं, तरी मराठी घरांतील मूल तो बिनचूक उचलतें. असे भेद मूल कशावरून उचलतें, याचा पुष्कळसा उलगडा पॅट्रिशिया कुल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या प्रयोगानें होतो. ज्यांच्या कानांवर केवळ इंग्रजीच पडत आली होती अशीं नऊ महिन्यांचीं अमेरिकन मुलें त्यांनीं निवडलीं. कांहीं मुलांशीं चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ति समोर बसून, खेळणीं दाखवीत व पुस्तकें वाचीत बोलल्या. अशा २५ मिनिटांच्या १२ बैठका झाल्या. दुसऱ्या कांहीं मुलांस त्याच व्यक्तींचें तसलेंच बोलणें दूरचित्रवाणीवर दाखविलें, आणि तिसऱ्या गटास नुसतें ऐकविलें. शेवटीं परीक्षा घेतली तेव्हां, समोरासमोर बोलणें ऐकलेल्या मुलांस चिनी ध्वनींतील एक सूक्ष्म भेद ओळखतां येऊं लागला होता. दूरचित्रवाणीवाल्यांस तो आला नाहीं. आणि, नभोवाणीच्या अभिमान्यांनीं हेंहि ऐकून ठेवावें, नुसतें ऐकणाऱ्यांसहि आला नाहीं.

याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. आजी मुलाशीं बोलते ती त्याच्या नजरेकडे पाहून बोलते. त्यानें भांड्याकडे पाहिलें कीं ती भांड्याचें नांव घेते; त्यानें तें आपटलें कीं ती 'अगबाई!' म्हणते, त्यानें 'भा' असा आवाज काढला कीं ती थांबते, त्याला उत्तर देते आणि पुन्हां त्याची वाट पाहते. पडदा कोणाची वाट पाहत नाहीं. मूल हंसो, रडो कीं झोंपी जावो, त्याचें बोलणें एकाच गतीनें पुढें चालू राहतें.

मुलांस शब्द शिकविण्याच्या नांवाखालीं विकल्या जाणाऱ्या चित्रफितींचीहि अशीच परीक्षा झाली आहे. २०१० सालीं वर उल्लेखिलेल्या डीलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १२ ते १८ महिन्यांच्या मुलांस अशी एक चित्रफीत चार आठवडे घरीं वारंवार दाखवावयास लाविली. त्या मुलांना, ती मुळींच न पाहिलेल्या मुलांहून अधिक शब्द आले नाहींत. सर्वांत अधिक शब्द शिकलीं तीं मुलें, ज्यांच्या आईबापांस शब्दांची नुसती यादी देऊन 'हे आपल्या सोयीनें शिकवा' एवढेंच सांगितलें होतें. या प्रयोगांतील एक बारकावा तर मोठा गमतीचा आहे. ज्या आईबापांना ती चित्रफीत स्वतःला आवडली होती, त्यांना आपलें मूल तींतून पुष्कळ शिकलें असें वाटत होतें. प्रत्यक्षांत तसें कांहीं नव्हतें. 'आमचा बाळ टी. व्ही. पाहूनच सगळे रंग शिकला' हें कौतुक ऐकतांना हा बारकावा ध्यानीं ठेवण्यासारखा आहे.

येथवर मुलासाठीं लावलेल्या कार्यक्रमांचा विचार झाला. पण पुष्कळ घरीं मुलाकरितां कांहींच लावीत नाहींत. मोठ्यांच्या मालिका व बातम्या मात्र दिवसभर चालू असतात, आणि मूल खालीं सतरंजीवर खेळत असतें. 'तें कोठें पाहतें आहे?' असें समर्थन केलें जातें. २००८ सालीं डॅनियल अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक, दोन व तीन वर्षांच्या मुलांस तासभर खेळूं देऊन त्यांतील अर्धा तास मोठ्यांचा एक प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम चालू ठेविला. मुलें पडद्याकडे अधूनमधून क्षणभरच पाहत. तरीहि संच चालू असतां त्यांचे खेळ लवकर तुटत आणि एकाच खेळण्यांत गढून जाण्याचा काळ आंखुडत असे. ठोकळ्यावर ठोकळा रचीत असतां मागें आवाज चढतो, मान वळते, आणि मान परत येते तों ठोकळ्यांतील गोडी गेलेली असते. पुढच्याच वर्षीं दिमित्री ख्रिस्ताकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या ३२९ मुलांच्या अंगावर लहानसा ध्वनिमुद्रक ठेवून घरांतील बोलणें मोजलें. दूरचित्रवाणी ऐकूं येत असलेल्या प्रत्येक तासामागें मुलाच्या कानीं पडणारे मोठ्यांचे सुमारें ७७० शब्द कमी झालेले आढळले. पडद्यावर काय दाखवितात यापेक्षां, पडदा चालू असल्यामुळें घरांत काय बोललें जात नाहीं, हाच खरा तोटा होय.

वैद्यकीय संस्थांचा सल्ला याच धोरणाचा आहे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें १९९९ सालीं दोन वर्षांखालील मुलांस दूरचित्रवाणी दाखवूं नये असें सांगितलें. २०१६ सालीं तिनें ही कडक मर्यादा दीड वर्षावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं, आणि आपल्याकडील इंडियन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या संस्थेनें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत, दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि त्यापुढें पांच वर्षांपर्यंत दिवसास एक तासाहून अधिक नको, असेंच म्हटलें आहे.

भारतीय संस्थेनें एक सवलत ठेविली आहे, ती मराठी कुटुंबांच्या विशेष उपयोगाची आहे: दूरच्या नातेवाइकांशीं दृक्‌संभाषण. नात टोरांटोस आणि आजी साताऱ्यास, अशीं घरें आतां थोडीं नाहींत. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दोन ते अडीच वर्षांच्या मुलांस कांहीं नवीं क्रियापदें तीन तऱ्हांनीं शिकविलीं: समोर बसून, दृक्‌संभाषणानें, आणि आधीं मुद्रित केलेल्या चित्रानें. पहिल्या दोन तऱ्हांनीं मुलें शिकलीं, तिसरीनें शिकलीं नाहींत. साताऱ्याची आजी पडद्यांतून कां होईना, पण नातीच्या 'आज्जी' या हांकेला ओ देते, थांबते, 'तुझी बाहुली कुठें ग?' असें विचारते. आणि नात बाहुली आणावयास धांवते. पडदा तोच, पण त्यांतील माणूस उत्तर देणारा आहे.

एका भीतीचा मात्र येथें उल्लेख केला पाहिजे. मूल बोलावयास उशीर लावूं लागलें कीं शेजारपाजारचे लोक 'टी. व्ही.मुळेंच झालें' असा निर्णय देऊन मोकळे होतात, आणि आई स्वतःस दोष देत बसते. अधिक पडदा पाहणारीं मुलें उशिरां बोलतात, असा संबंध कित्येक पाहण्यांत आढळला आहे खरा. परंतु जें मूल मुळांतच किरकिरें अगर अबोल आहे त्यालाच पडद्यापुढें अधिक बसविलें जातें, हेंहि तितकेंच संभवनीय आहे. दोन वर्षें पूर्ण होऊनहि मूल 'पाणी दे' अशासारखे दोन शब्द जोडीत नसेल, अगर नांवानें हांक मारली असतां वळून पाहत नसेल, तर संच बंद करून सहा महिने वाट पाहणें हा उपाय नव्हे. आधीं डॉक्टरांकडे नेऊन कान तपासून घ्यावेत. श्रवणांतील दोष जितक्या लवकर कळेल तितका बरा. त्या बाबतींत गमावलेला काळ भरून निघणें कठीण जातें.

राहतां राहिली ती वरणभाताची वाटी. पडद्याकडे पाहत जेवणारें मूल किती जेवलें हें आईला कळतें, मुलास कळत नाहीं. पोट भरल्यावर तोंड फिरविण्याची जी उपजत बुद्धि त्याला असते, ती अशा जेवणांत कामास येत नाहीं. पडदा बंद केल्यास पहिले तीन-चार दिवस आकांत होतो, आणि वाटी निम्मीच संपते, हें खरें. त्या दिवसांत निम्मी वाटी चालवून घ्यावी. मुलास खालीं बसवून त्याच्या पुढें ताटली ठेवावी व त्याला स्वतःच्या हातानें खाऊं द्यावें. थोडा भात जमिनीवर जाईल, थोडा केसांत जाईल. आई स्वयंपाकांत असेल तेव्हां कणकेचा एक गोळा आणि दोन-तीन स्टीलचे डबे त्याला पुष्कळ वेळ पुरतात. गुडघे दुखणाऱ्या आजीस त्याच्यामागें धांवण्याचें कारण पडत नाहीं. तिनें खुर्चीवर बसून कोणतें झांकण कोणत्या डब्याचें एवढें विचारीत राहावें, आणि तें चुकीचें झांकण घेऊन आलें म्हणजे पुन्हां विचारावें.