शेजाऱ्यांवर जगणारा शब्द

दही सेट झालं, सोन्याचा सेट घडवला, नाटकाचा सेट उभा राहिला, पहिला सेट हरूनही सामना जिंकला, पोरगं एकदाचं सेट झालं. शब्द एकच, अर्थ पाच. तरी ऐकणारा कुठे अडखळत नाही. मूळ इंग्रजीत या शब्दाचा पसारा आणखी मोठा आहे. सूर्य मावळणे, मोडलेलं हाड बसवणे, जेवणाचं टेबल मांडणे, गजर लावणे, परीक्षेचा पेपर काढणे, कवितेला चाल देणे या सगळ्यांसाठी हेच क्रियापद चालतं. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे सुमारे 430 अर्थ नोंदवले गेले. पुढे नव्या संपादनात ‘रन’ या क्रियापदाच्या 645 अर्थांनी त्याला मागे टाकलं, तरी ‘सेट’चा दबदबा काही कमी झाला नाही. स्क्रॅबलच्या पटावर मात्र याच शब्दाची किंमत आहे अवघे 3 गुण. उलट चिनी विचारातल्या जीवनऊर्जेचं नाव असलेला, क्यू आणि आय या दोनच अक्षरांचा शब्द 11 गुण देऊन जातो. आणि तोही रोजच्या इंग्रजीत बहुधा निराळ्या स्पेलिंगने लिहिला जातो.

हा उलटा न्याय आला कुठून? 1930 च्या दशकातल्या मंदीत काम गमावलेले न्यूयॉर्कचे वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी या खेळाची जुळणी केली. वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्यांनी मोजलं आणि त्यावरून सोंगट्यांची संख्या व गुण ठरवले. आजच्या इंग्रजी संचात 100 सोंगट्या असतात. ‘ई’च्या 12, प्रत्येकीचा 1 गुण, ‘क्यू’ आणि ‘झेड’ची एकेकच, पण 10 गुणांची. म्हणजे खेळ दुर्मिळतेला दाम देतो. भाषेचा व्यवहार वेगळा. जे शब्द सतत वापरात असतात ते आखूड राहतात आणि त्यांना अर्थही जास्त फुटतात, असा कल अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिला. आपलं ‘लागणे’ पाहा: भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, गाडी लागते, वेड लागतं. शब्द जितका वापरावा तितका तो नव्या कामांना जुंपला जातो.

यावर कोणी म्हणेल, हे चारशे-सहाशे अर्थ म्हणजे कोशकारांची कातरकाम करण्याची हौस. आक्षेपात तथ्य आहे. कुठे एक अर्थ संपतो आणि दुसरा सुरू होतो, ही रेघ संपादकच ओढतो. दुसरा संपादक दुसरीकडे ओढेल. पण सगळे भेद मनाचे नाहीत. ‘बसवणे’ या अर्थाचा ‘सेट’ जुन्या इंग्रजीतला, ‘सिट’चा सख्खा नातलग. ‘समूह’ या अर्थाचा ‘सेट’ मुळात जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ पंथ, अनुयायी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दोन घराण्यांचे शब्द एकाच रूपात मिसळले. तरीही घोटाळा होत नाही, कारण दही, हाड किंवा टेनिस हा शेजारी शब्द अर्थ ठरवून टाकतो. ‘सेट’ स्वतः फार थोडं सांगतो, म्हणूनच तो कुणाच्याही शेजारी बसू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: स्क्रॅबलचा अर्थाशी संबंधच काय? न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले. त्यांनी पाठ केली ती अक्षरांची रूपं. हे मान्यच करायला हवं. पण अर्थ बाजूला ठेवल्यावरही ‘सेट’ची ताकद उरते, आणि ती तशाच प्रकारची. सातही सोंगट्या एका डावात लावल्या तर 50 गुण जादा मिळतात, आणि असे लांब शब्द जुळतात ते एस, ई, टी या स्वस्त अक्षरांवर. म्हणून मुरलेला खेळाडू एक गुणाचा ‘एस’ सहजासहजी खर्चत नाही. शिवाय पटावर पडलेला ‘सेट’ मोकळाच राहतो: मागे ‘एस’ जोडून त्याचं अनेकवचन होतं, पुढे ‘अप’, ‘ऑफ’ किंवा ‘सन’ जोडून नवा शब्द उभा राहतो, आणि आधीचे तीन गुण पुन्हा मोजले जातात. त्यांचा फायदा अर्थात प्रतिस्पर्ध्यालाही उठवता येतो. क्यू-आयचा शब्द आपले 11 गुण रोख देतो आणि फारसा पुढे वाढत नाही. ‘सेट’चे तीन गुण मात्र फिरते भांडवल आहेत: पटावर ते शेजारच्या अक्षरांनी वाढतं, वाक्यात शेजारच्या शब्दांनी.