मोटार, मालमोटार आणि दोषाचा निवाडा

रस्त्यावर मोटार आणि मालमोटार यांची टक्कर झाली म्हणजे भोंवतालीं जमलेला जमाव निवाडा देण्यास क्षणाचाहि विलंब लावीत नाहीं. मोटारीचा चुराडा झालेला असतो, मालमोटारीचा पुढचा लोखंडी दांडा तेवढा वांकलेला असतो. तेव्हां जी गाडी शाबूत तिचाच दोष, असें ठरून जातें. मालमोटारीचा चालक सांपडला तर त्यास मार बसतो. आणि त्या भयानें तो पळाला, तर त्याचें पळणें हाच अपराधाचा पुरावा मानला जातो. परंतु नुकसान कोणाचें अधिक झालें आणि चूक कोणाची होती, हे दोन प्रश्न अगदीं भिन्न आहेत. त्यांची गल्लत झाली, म्हणजे कधीं निरपराध चालक तुरुंगाच्या दारीं जातो, तर कधीं कर्ता पुरुष गमावलेल्या कुटुंबाच्या हातीं पडावयाची रक्कम निम्मी होते.

या गल्लतीचें मूळ वजनांत आहे. समजा, एक टन वजनाची मोटार आणि वीस टन वजनाची भरलेली मालमोटार ताशीं ५० किलोमीटर वेगानें समोरासमोर आल्या व एकमेकींत रुतल्या. शाळेंत शिकविलें जाणारें संवेगाचें गणित मांडलें, तर टकरीनंतर दोन्ही गाड्या मालमोटारीच्याच दिशेनें ताशीं सुमारें ४५ किलोमीटर वेगानें जातात. म्हणजे मालमोटारीच्या वेगांत फरक पडला अवघा पांच किलोमीटरांचा. मोटारीच्या वेगांत मात्र क्षणार्धांत ९५ किलोमीटरांचा. मोटार आपल्या बाजूनें चालली असो वा परक्या बाजूनें, हें गणित बदलत नाहीं. चुराडा वजनाची साक्ष देतो, दोषाची नव्हे.

मग निवाडा करावयाचा कशावरून? जागेवर उमटलेल्या खुणांवरून. टायर घासल्याचे पट्टे कोठें सुरू होतात व कोठें संपतात, यावरून ब्रेक केव्हां लागला तें कळतें. मात्र अलीकडील गाड्यांत चाकें अडकूं न देणारे ब्रेक असतात. म्हणून पट्टे दिसले नाहींत एवढ्यावरून ब्रेक लावलाच नव्हता, असें समजूं नये. कांचेचे तुकडे, मडगार्डांतून झडलेली माती आणि सांडलेलें तेल मध्यरेषेच्या कोणत्या अंगास पडलें, यावरून टक्कर कोणाच्या हद्दींत झाली तें उमगतें. गाड्या जेथें शेवटीं थांबल्या ती जागा फसवी असते. कारण भारी गाडी हलक्या गाडीस पुष्कळ फरफटत नेते. पोलिसांचा स्थळपंचनामा व नकाशा, मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल, आणि मोटारींत किंवा टोलनाक्यावर बसविलेल्या कॅमेऱ्याचें चित्रण, हीं या कामांतील खरीं साधनें. त्यांतील पुष्कळशा खुणा पावसाच्या एका सरीनें धुऊन जातात, म्हणून पहिल्या तासाचें मोल मोठें.

हा पुरावा दोन दरबारांत तपासला जातो. चालकास शिक्षा करावयाची, तर फौजदारी न्यायालयांत गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. नुकसानभरपाईचा दावा मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें निराळ्या न्यायाधिकरणापुढें चालतो, आणि तेथें कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे एवढेंच पाहावयाचें असतें. हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. याखेरीज दोष सिद्ध करण्याची मुळींच गरज नसलेला एक मार्गहि आहे. कलम १६४ प्रमाणें १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल पांच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. त्याहून अधिक भरपाई मागावयाची असेल, तर कलम १६६ खालीं दावा करून निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

आतां नित्य घडणारे प्रसंग पाहूं. मालमोटारीनें अकस्मात् ब्रेक लावला आणि मागची मोटार तिच्यावर आदळली, तर दोष कोणाचा? २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असाच प्रश्न आला. मोटार ट्रकच्या मागें अवघ्या दहापंधरा फुटांवरून चालली होती. न्यायालयानें तें अंतर सुरक्षित मानलें नाहीं, आणि अनुकूल परिस्थितींतहि दोन ते तीन सेकंदांचें अंतर हवें, असा ठोकताळा सांगितला. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास साडेसोळा मीटरांहून अधिक धांवते. तेव्हां हें अंतर तेहतीस ते पन्नास मीटरांचें झालें. पंधरा फूट तर त्या वेगानें एक तृतीयांश सेकंदहि पुरत नाहींत. डोळ्यांनीं पाहून पाय ब्रेकवर जाण्यास याहून अधिक वेळ लागतो.

याच्या उलट प्रसंग रात्रीं उभ्या असलेल्या वाहनाचा. त्याच २०१८ सालच्या दुसऱ्या खटल्यांत गॅसचा टँकर रात्रीच्या वेळीं, दिवे वा खूण यांवांचून रस्त्याच्या मध्यभागीं उभा होता व मोटार त्यावर आदळली. उच्च न्यायालयानें मोटारचालकाच्या माथीं कांहीं दोष मारला होता. सर्वोच्च न्यायालयानें तो दूर करून सारी जबाबदारी टँकरच्या चालकावर ठेवली. महामार्गावर दिव्यांविना सोडून दिलेल्या मालवाहू ट्रेलरविषयींहि २०२४ सालीं निकाल याच अंगानें लागला. दोन्ही प्रसंगीं मोटार मागूनच आदळली. परंतु धांवत्या गाडीमागें अंतर राखणें चालकाच्या हातीं असतें, अंधारांतील अडथळा ओळखणें नसतें.

तिसरा प्रसंग ब्रेक निकामी होण्याचा. घाट उतरतांना भरलेली मालमोटार खालच्या गिअरमध्यें न ठेवतां नुसत्या ब्रेकावर सोडली, तर ब्रेक तापून त्यांची पकड जाते. हा दैवाचा फेरा नव्हे. टाळतां येण्याजोगी चूक आहे. मुंबईंतील मोटार व लॉरी यांच्या टकरीच्या एका खटल्यांत १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, यंत्राच्या बिघाडाची सबब मालकास पुढें करावयाची असेल, तर बिघाड लपलेला होता आणि वाजवी काळजी घेऊनहि तो दिसला नसता, हें त्यानेंच दाखवावें.

येथें एक सूक्ष्म गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नियमभंग झाला म्हणजे अपघाताचा दोष आपोआप येतो असें नाहीं; तो नियमभंग टकरीचें कारण झाला पाहिजे. परवाना नसलेल्या एका दुचाकीस्वाराची लहान मालमोटारीशीं टक्कर झाली, तेव्हां केवळ परवाना नव्हता म्हणून त्याच्याकडे दोषाचा वांटा जात नाहीं, असें २००८ सालीं ठरलें. परवान्यावांचून गाडी हांकल्याचा दंड निराळा; टकरीचा दोष निराळा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा शेवटीं. दोष दोन्ही चालकांचा निघाला तर काय? समजा, दहा लाखांची भरपाई ठरली आणि मोटारचालकाचा दोष तीस टक्के निघाला. तो चालक, किंवा तो वारला असल्यास त्याचे वारस, यांस मालमोटारीकडून सात लाखच मिळतील. परंतु त्याच मोटारींत मागें बसलेल्या प्रवाशाचा कांहींच दोष नसतो. त्याला सबंध दहा लाख मिळण्याचा हक्क आहे, आणि ते तो कोणत्याहि एका वाहनाकडून वसूल करूं शकतो. वांटणीचा हिशेब त्या दोघांनीं आपसांत करावा. २००८ व २०१५ सालच्या निर्णयांनीं हा भेद नीट सांगितला आहे. तरीहि मुलगा गाडी चालवीत होता म्हणून शेजारीं बसलेल्या आईच्या भरपाईंतून कपात सुचविली जाते, आणि दुःखांत बुडालेलें घर ती मुकाट्यानें मान्य करतें. तसें करूं नये. दावा लावतांना दोन्ही वाहनांचे मालक आणि विमा कंपन्या यांस प्रतिवादी करणें शहाणपणाचें. म्हणजे दोष कोणत्याहि बाजूस झुकला तरी प्रवासी रित्या हातीं परतत नाहीं.

तेव्हां अपघात दृष्टीस पडला, तर प्रथम जखमीस रुग्णालयांत पोंचवावें, मग जागेचीं छायाचित्रें घ्यावीं, आणि निवाडा न्यायाधिकरणावर सोडावा. चालकावर उगारलेल्या हातापेक्षां पंचनाम्यावर सही करणारा हात मृताच्या कुटुंबाच्या अधिक उपयोगीं पडतो.