चूल कोणाची, सुट्टी कोणाची?

‘स्वयंपाक’ हा शब्द आपण दिवसातून इतक्या वेळा उच्चारतो, की त्याची फोड करून पाहण्याचे सुचत नाही. स्वयं म्हणजे स्वतः, पाक म्हणजे शिजवणे. स्वतःचे अन्न स्वतः शिजवणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘स्वयंपाकी’ म्हणजे दुसऱ्याच्या हातचे न खाणारा. मराठीत पुढे हाच शब्द दुसऱ्याच्या घरी पगारावर रांधणाऱ्या माणसाला लागला. घरातल्या बाईचे रांधणेही ‘स्वयंपाक’च राहिले, जरी ती स्वतःपुरते कधीच शिजवत नसली तरी. समुद्रकाठच्या निवांत गावी चार दिवस घर भाड्याने घ्यावे आणि आपले आपण करून खावे, अशी हौस अलीकडे आपल्याकडेही दिसू लागली आहे. ती तपासायला या शब्दापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. कारण घराबाहेर पडून स्वतःची चूल मांडणे आपल्याला नवे नाही. नवी आहे ती सुट्टी.

विष्णुभट गोडसे 1857 साली कोकणातल्या वरसईहून उत्तरेकडे निघाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनी 1907 साली प्रसिद्ध केला. त्या काळी प्रवास म्हणजे मुक्कामाला पाणी शोधणे, तीन दगड मांडणे आणि भात शिजवणे. सोवळ्याचा नियम पाळणाऱ्याला खाणावळ चालत नसे आणि इतरांना ती परवडत नसे. म्हणून धर्मशाळेत जागा, पाणी आणि फार तर भांडी मिळत. यजमान उदार असला तर कोरडा शिधा देई. शिधा म्हणजे तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ. पाहुण्याला अन्न द्यायचे, पण त्याच्या चुलीत हात घालायचा नाही, असा त्यातला संकेत होता. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने रवा, चणाडाळ, साखर आणि तेलाचा संच शंभर रुपयांत दिला, तेव्हा त्याला ‘आनंदाचा शिधा’ हेच नाव सुचले.

यवतमाळ जिल्ह्यातून पाहिले तर ही परंपरा आजही जिवंत दिसते. पंढरपूरला निघालेल्या दिंडीबरोबर शिध्याचा ट्रक असतो. पैनगंगेपलीकडे माहूरच्या रेणुकेला जाणारी कुटुंबे पुरणाचा नैवेद्य करतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून अधिक चालते. तिथे लोक राहुट्या ठोकून राहतात, मातीच्या हंडीत मटण शिजते, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले जातात. राहुटी भाड्याची, चूल स्वतःची: ही वऱ्हाडाची अस्सल ‘स्वतः रांधण्याची सुट्टी’ म्हणायला हरकत नाही. आणखी एक गोष्ट इथे नजरेत भरते. उघड्यावरच्या या हंडीला आणि रोडग्यांना बहुधा पुरुषांचे हात लागतात. घरात चहाही न करणारा माणूस शेतातल्या रोडग्यांच्या पंगतीत वांग्याच्या भाजीला फोडणी देतो. रोजचा नसलेला स्वयंपाक त्याला हौस वाटतो.

देवाधर्माशिवाय, नुसती हवा पालटायला घर घेऊन राहण्याची रीत इंग्रजी अमदानीत रुळली. माथेरान, लोणावळा, देवळाली, पाचगणी ही त्याची ठिकाणे. देवळालीत पारशी आणि गुजराती समाजांच्या विश्वस्त संस्थांनी सॅनेटोरियम बांधली. नाव आजाऱ्यांचे, पण वस्तीला धडधाकट कुटुंबेही येत. खोल्या, व्हरांडा, स्वयंपाकघर. गादी-भांडी-स्टोव्ह घेऊन यायचे आणि महिना-पंधरा दिवस संसार थाटायचा. घरचा नोकर बरोबर आला नाही, तर गावातल्या संसारापेक्षा हा संसार घरच्या बाईला अधिक जड जाई, कारण ओळखीची चक्की नाही, वाणी नाही आणि हाताशी शेजारीणही नाही.

खुद्द इंग्लंडमध्ये समुद्रकाठची सुट्टी वेगळ्या वाटेने गेली. एकोणिसाव्या शतकात ब्लॅकपूलसारख्या गावी गिरणी कामगार खोली घेत, बाजारातून मांस-भाजी आणून घरमालकिणीच्या हाती देत आणि ती प्रत्येक कुटुंबाचे वेगळे शिजवून देई. मीठ-मिरीच्या वापराचे वेगळे पैसे लावणाऱ्या घरमालकिणी तिथल्या विनोदाचा विषय होत्या. 1938 च्या कायद्याने पगारी सुट्टीला बळ दिले. महायुद्धानंतर लोकांना घरमालकिणीचे वेळापत्रक आणि नियम नकोसे झाले, आणि स्वतः रांधायच्या सदनिका व कॉटेज वाढत गेल्या. तिथे स्वतःची चूल म्हणजे मोकळीक होती. ती मोकळीक कुटुंबाला मिळाली. कुटुंबातल्या आईला मिळाली का, हा प्रश्न उरलाच.

आता यवतमाळचे एखादे नोकरदार कुटुंब घ्या. दिवाळीच्या सुट्टीत शेतकऱ्याला घर सोडता येत नाही. सोयाबीन घरात येत असते आणि कापसाची वेचणी सुरू झालेली असते. निघतात ते शिक्षक, बँकेतले, कचेरीतले. गुहागर किंवा दिवेआगर गाठायचे तर रस्त्याने 800 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक दिवस आणि एक रात्र प्रवासातच जाते. इतक्या लांब जाऊन समुद्रासमोर एक लहानसे घर, शेगडी आणि आपल्या हातचे वरण-पोळी मिळावी, असे त्यांना वाटले तर कोकणातल्या शांत गावात ते सहज मिळत नाही. मिळते ती खोली, आणि ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या योजनेचे नावच मुळी ‘निवास व न्याहारी’ आहे.

याची कारणे कोकणच्या घरात आणि बाजारात सापडतात. पहिले, ही घरे सुट्टीसाठी बांधलेली नाहीत. ती राहती आहेत. मागच्या वाडीत दोन खोल्या वाढवून पाहुण्यांना दिलेल्या असतात. स्वयंपाकघर घराच्या पोटात असते आणि तिथे काय शिजते, यावर घराचा आचार अवलंबून असतो. आंजर्ले-गुहागरकडच्या अनेक घरांत मासळी चालत नाही, तर तारकर्ली-देवबागकडे मासळीच्या ताटासाठीच लोक येतात. दुसरे, लहान गावात रोज भाजीबाजार भरत नाही. बरीचशी भाजी घाटावरून येते. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो, पण इसापूर आणि बेंबळा धरणांतली गोड्या पाण्यातली मासोळी खाणाऱ्या यवतमाळकराला तिथे कोणती मासळी ताजी आणि ती कशी साफ करावी, हे एका दिवसात उमगणे कठीण. तिसरे, पाणी. एप्रिल-मेमध्ये कित्येक विहिरी तळाला जातात; प्रत्येक खोलीत वेगळी मोरी आणि वेगळी भांडी म्हणजे पाण्याचा वेगळा हिशेब.

चौथे कारण सर्वांत मोठे: ताटातच मिळकत आहे. खोलीचे भाडे दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या एवढ्यापुरते. पावसाळ्यात खोल्या बऱ्याचशा रिकाम्या. ताटातला नारळ, कोकम, तांदूळ, फणस, केळीचे पान मात्र बरेचसे घरचे. तोच नारळ व्यापाऱ्याला विकून जे मिळते, त्यापेक्षा सोलकढी आणि उकडीच्या मोदकातून अधिक मिळते. दिवेआगरला 1997 साली वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावात रीघ लागली; घरोघरी पाने वाढली जाऊ लागली. 2012 साली दरोड्यात मुखवटा गेला, तेव्हा देवळाबरोबर या पंगतींनाही धक्का बसला. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. नवे झाड उत्पन्नाला यायला काही वर्षे जातात. तोवर ज्या घराकडे दोन खोल्या आणि रांधणारे हात होते, त्याला आधार राहिला. वेळासलाही तेच दिसते. 2002 पासून तिथे कासवांची घरटी राखण्याचे काम सुरू झाले. पिल्ले पाहायला येणारे लोक गावातल्या घरांत उतरतात, घरचे जेवतात आणि संवर्धनाचा थोडा पैसा चुलीपर्यंत पोचतो.

म्हणजे पाहुण्याने स्वतःची शेगडी पेटवली, की यजमानाच्या हाती फक्त खोलीचे भाडे उरते. पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. घरगुती जेवणामुळे यवतमाळच्या बाईला चार दिवस खरी सुट्टी मिळते; तिच्या वाट्याचे काम कोकणातल्या बाईकडे जाते. सुट्टीच्या दिवसांत ती पहाटे नारळ खवायला बसते आणि रात्री शेवटची पंगत उठल्यावर जेवते. बाहेरची पाटी, नोंदणी आणि बँकेचे खाते तिच्या नावावर असेल तर हा धंदा आहे. नसेल तर तो तिच्या रोजच्या कामात पडलेली भर. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिला व्यावसायिकांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा देण्याची तरतूद आहे. तिचा उपयोग व्हायचा तर आधी व्यवसाय तिच्या नावावर असावा लागतो. नावाचा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

स्वतः रांधायची घरेही आता येत आहेत. मुंबई-पुण्याच्या लोकांनी घेतलेले बंगले, आंबराईतली एकटी घरे, तिथे शेगडी आणि फ्रीज असतो. लहान मूल, पथ्याचा आजारी, लांबचा मुक्काम असेल तर ती सोयीची आहेत. मात्र घरमालक दूर शहरात असतो, किराणा वाटेतल्या मोठ्या गावातून भरून आणलेला असतो, आणि गावाच्या वाट्याला येतो तो बहुतेक कचरा. एक मधली वाट काही घरांनी आपणहून काढली आहे: सकाळी शेगडी पाहुण्याची, दुपारचे पान यजमानाचे. यवतमाळकराने ज्वारीचे पीठ आणि ठेचा बरोबर न्यावा, सकाळची भाकर आपली आपण थापावी, आणि थापायला बहिरमला हंडीजवळ बसणाऱ्याच हातांनी बसावे. दुपारी पानावर बसल्यावर पैसे कोणाच्या हाती द्यायचे, हे विचारून घ्यावे.