विश्लेषण : बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीतील ‘सोनाटा-अ‍ॅलेग्रो’ कसा ऐकावा?

तीन आखूड स्वर आणि चौथा लांब. बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची ही सुरुवात पाश्चात्त्य अभिजात संगीत न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असते. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात ही सिंफनी प्रथम सादर झाली. तिचा सुमारे सात मिनिटांचा पहिला भाग ‘सोनाटा-अ‍ॅलेग्रो’ या आराखड्यावर उभा आहे.

हा आराखडा काय आहे?

‘एक्स्पोझिशन’मध्ये दोन धून मांडल्या जातात. पहिली मूळ स्वरपट्टीत, दुसरी वेगळ्या पट्टीत. ‘डेव्हलपमेंट’मध्ये त्यांचे तुकडे निरनिराळ्या पट्ट्यांतून फिरतात. ‘रिकॅपिट्युलेशन’मध्ये दोन्ही धून परततात आणि शक्यतो दोन्ही मूळ पट्टीत. हिंदुस्थानी मैफलीत तंबोऱ्याचा षड्ज शेवटपर्यंत ढळत नाही. येथे जणू षड्जच घर सोडतो आणि परत येतो. सगळा ताण त्यातूनच निर्माण होतो.

पाचव्या सिंफनीत काय घडते?

पहिली धून सी मायनरमध्ये आहे. मग हॉर्नची हाक येते आणि ई फ्लॅट मेजरमध्ये दुसरी, मवाळ धून सुरू होते. परतताना तीच धून सी मेजरमध्ये येते. आधारस्वर घरचाच, पण मायनरची उदासी गेलेली. संघर्ष संपला, असे वाटू लागते.

पण ‘कोडा’ म्हणजे समारोप अजून बाकी असतो. तो एरवी छोटा असतो. येथे ५०२ बारपैकी सुमारे १२५ बार त्याचेच आहेत, म्हणजे जवळपास बाकीच्या प्रत्येक भागाइतके. त्यात संगीत पुन्हा सी मायनरकडे खेचले जाते आणि तिथेच संपते. सी मेजरचा खरा विजय थेट सिंफनीच्या चौथ्या भागात येतो.

हे नियम कोणी ठरवले?

हेडन, मोझार्ट किंवा बीथोव्हेन यांनी हा आराखडा पुस्तकातून घेतला नव्हता. जर्मन अभ्यासक ए. बी. मार्क्स यांनी ‘सोनाटा फॉर्म’ची सविस्तर मांडणी १८४५ मध्ये केली. बीथोव्हेनचे निधन १८२७ मध्येच झाले होते.

ऐकताना काय लक्षात ठेवाल?

एक्स्पोझिशन सहसा लगेच पुन्हा वाजवले जाते. ते रिकॅपिट्युलेशन नव्हे. पुढे सगळा वाद्यवृंद थांबून एकटा ओबो आलापासारखा छोटा तुकडा वाजवतो, तेव्हा रिकॅपिट्युलेशन नुकतेच सुरू झालेले असते. त्यानंतर हॉर्नची हाक बीथोव्हेनने बसूनला दिली आहे. ती ऐकू आली की सी मेजरमधली दुसरी धून येते.